रॉड चार आटे आखूड

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर पूर्ण, धंदा काच कापणे व बसवणे, असे लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे, चष्मा नाकावर आहे आणि हाताला कंप नाही. कंप असता तर आज सकाळी आठ मिलिमीटरची काच एका रेघेत तुटली नसती. तो तुकडा दुकानात उभा करून ठेवला आहे, ज्याला शंका असेल त्याने पट्टी लावून पाहावे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. आणणार तरी कोण? मुलगा माझ्यासमोर आवाज चढवत नाही. सून चढवते, पण ते कडा घासायच्या मशीनच्या वर ऐकू यावं म्हणून.

हे मृत्युपत्र मी स्वहस्ते लिहीत आहे. शेजारी राहणारे निवृत्त कारकून, ज्यांना अख्खी गल्ली अर्जकाका म्हणते, ते समोर बसून चुका काढत आहेत. त्यांचं म्हणणं, मृत्युपत्रात ‘बरं का’ असं लिहीत नाहीत. मी लिहिते, बरं का.

कलम १. यापूर्वी मी दोन वेळा मृत्युपत्र केले होते. एक सुनेशी भांडण झाल्यावर, एक नणंदेशी. दोन्ही रागाच्या भरात लिहिलेली असल्यामुळे रद्द समजावीत. हे मी पोटभर जेवून, तासभर झोप काढून मग लिहायला घेतले आहे.

कलम २. दुकानाच्या वरच्या दोन खोल्या, गच्ची व जिना माझ्या मुलास द्यावा. मुलगा शाळेत गणित शिकवतो. माशाच्या पोराला पोहायला शिकवावं लागत नाही म्हणतात, पण आमच्या माशाला पाण्याचीच भीती. काचेच्या दुकानात वाढला आणि अजून पाण्याचा ग्लास दोन हातांनी धरतो. त्यात त्याचा दोष नाही. लहानपणी त्याच्या पायात काच गेली तेव्हा मी त्याला जवळ घ्यायच्या आधी काच कुठल्या मापाची होती ते विचारलं, हे मला आठवतं आणि त्यालाही आठवत असणार. त्याबद्दल मला वाईट वाटतं, असं इथे नोंदवून ठेवते. तोंडाने सांगायला गेले की तो ‘जाऊ दे गं आई’ म्हणून उठून जातो. आता कुठे जाशील? वाच.

जिन्याची तिसरी पायरी डुगडुगते. सहा वर्षं तो ‘रविवारी बघतो’ म्हणतोय. ती पायरी त्याच्या नावावर झाल्यावर तरी बघावी.

कलम ३. दुकान, कापायचे टेबल, कडा घासायची मशीन आणि माझ्या वडिलांची हिरकणी, जिने मी पन्नास वर्षे काच कापली, हे सर्व माझ्या सुनेस द्यावे. सून म्हणून नव्हे, कारागीर म्हणून. ती घरात आली तेव्हा आठवड्याभरात दुकानातला सगळ्यात मोठा आरसा तिने फोडला. मी बोलणार तेवढ्यात तीच म्हणाली, “आई, मला आधी तुकडे उचलायला शिकवा, मग कापायला.” त्या दिवशी मला कळलं की या घरात काच टिकणार. तिच्याशी माझी भांडणं पुष्कळ झाली आणि बहुतेक वेळा चूक तिची होती. बहुतेक म्हटलं आहे, सगळ्या वेळा म्हटलेलं नाही.

कलम ४. बँकेत जे काही असेल ते दोघांनी निम्मे निम्मे घ्यावे. यावर लिहिण्यासारखं काही नाही.

कलम ५. पुढच्या खोलीतला उभा आरसा माझ्या नणंदेस पोचता करावा. चाळीस वर्षांपूर्वी ती चारचौघांत म्हणाली होती की वहिनीच्या दुकानातले आरसे माणसाला जाड दाखवतात. हा आरसा मी स्वतः तपासला आहे, सपाट आहे. तिने तो उजेडात लावून रोज सकाळी त्यात पाहावे. माझा तिच्यावर राग नाही. आरशाचा असेल तर तो त्या दोघांचा प्रश्न.

कलम ६. माझी डिझेल पिकअप, वय वर्षे एकतीस, मूळ रंग पांढरा, ही सुनेस द्यावी. मुलाचा सल्ला वेगळा आहे. मागच्या महिन्यात म्हणाला, “आई, भंगारवाल्याला भाव विचारून येऊ का?” मी म्हटलं, “ये विचारून. माझाही भाव विचार. गाडीपेक्षा माझं वजन जास्त भरेल.” तेव्हापासून तो विषय बंद आहे, तो माझ्यामागेही बंद राहावा.

पिकअपसोबत एक अट आहे. सुनेने दर सहा महिन्यांनी एक्सलेटरचा रॉड स्वतःच्या हाताने तपासावा. कितीही ओळखीचा, कितीही प्रेमाचा मिस्त्री असला तरी त्याच्यावर सोपवू नये. का, ते पुढच्या कलमात येईल. कसा, ते इथे लिहिते.

पेडलपासून डिझेलच्या पंपापर्यंत एक रॉड जातो. पाय दाबला की रॉड पुढे सरकतो आणि पंपाचा लिव्हर ढकलतो. लिव्हर जितका फिरेल तितकं डिझेल आणि तितका जोर, एवढंच हे शास्त्र. रॉडच्या एका टोकाचे आटे सुलटे आणि दुसऱ्याचे उलटे, त्यामुळे रॉड मधोमध धरून फिरवला की त्याची लांबी कमीजास्त होते. दोन्ही टोकांना चेकनट आहेत. ते आवळले की लांबी हलत नाही. उलट्या आट्यांचा चेकनट सुटतोही उलटाच. तिथे मी एकदा सुलट्या बाजूला जोर लावला आणि पाना हनुवटीवर घेतला, तेव्हा सांभाळून.

इंजिन बंद ठेवून मुलाला सीटवर बसवावे आणि पेडल तळाला टेकेपर्यंत दाबून धरायला सांगावे. एवढं त्याला जमेल. आपण बॉनेट उघडून लिव्हरकडे पाहायचं. पेडल तळाला टेकतं त्याच वेळी लिव्हर पुढच्या स्टॉपला, म्हणजे त्याला अडवणाऱ्या खुंटीला, टेकला पाहिजे. आधीच टेकला तर रॉड लांब आहे, पायाचा सगळा भार लिव्हरवर जातो आणि एक दिवस तो वाकतो. टेकलाच नाही तर रॉड आखूड आहे आणि गाडी चढावर मान टाकते. माझी युक्ती अशी. दोन काचांमध्ये आपण जे वर्तमानपत्र घालतो त्याची बोटभर पट्टी फाडायची आणि लिव्हर व स्टॉप यांच्यामध्ये धरायची. पेडल पूर्ण दाबलं की पट्टी अडकली पाहिजे, पण अलगद ओढल्यावर फाटता कामा नये. पाय काढला की लिव्हर आपणहून मागे येऊन बसला पाहिजे. नसेल तर अर्धा अर्धा आटा फिरवत जायचं आणि दर वेळी पुन्हा पट्टी लावायची. घाई करायची नाही. आणि शिशाचं सील असलेल्या स्क्रूला हात लावायचा नाही, तो मान पंपवाल्याचा.

कलम ७. अर्जकाका म्हणाले, हे कलम अगदी शेवटी टाका. मी म्हटलं, शेवटी टाकता टाकताच बावीस वर्षं गेली.

माझे पती, ज्यांना मी जन्मभर ‘अहो’ म्हटलं, ते गाड्यांचे मिस्त्री होते. नऊ वर्षांपूर्वी गेले. त्यांचा एकच मित्र. चढावरच्या रस्त्याला डिझेल पंप दुरुस्त करण्याचं दुकान आहे, ते पंपवाले भावजी. दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली तयार झाले. उस्तादाने दोघांना शिस्त लावली होती की केलेलं प्रत्येक काम वहीत चार रकाने आखून लिहायचं: तारीख, गाडी, काम, कारण. कारणाचा रकाना रिकामा ठेवला की उस्ताद वही फेकून द्यायचा. दोघांनीही ती सवय मरेपर्यंत सोडली नाही. म्हणजे यांनी सोडली नाही, भावजी अजून आहेत.

तरुणपणी दोघांनी मिळून पंपाचं टायमिंग जुळवायची एक डायल घेतली. काड्यापेटीहून जराशी मोठी, काटा असलेली. तिच्यावरचं काचेचं झाकण मी कापून बसवलेलं आहे. डायल एक वर्ष आमच्याकडे, एक वर्ष त्यांच्याकडे, असा नियम होता. वर्ष संपलं की भावजी यायचे किंवा हे जायचे, आणि डायलपेक्षा गप्पाच जास्त वेळ चालायच्या.

बावीस वर्षांपूर्वी मी एका नव्या शाळेच्या खिडक्यांच्या चाळीस काचा घेऊन उतारावरून येत होते. पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर काचांची चौकट सरकली. चाळीसच्या चाळीस काचांचा चुरा, गाडीचं नाक भिंतीला आणि माझ्या कपाळाला सात टाके. दोष वळणाचा नव्हता. वेग माझा होता. मला वेग आवडतो, हे कबूल करायला आता कोणाच्या बापाची भीती नाही.

गाडी दुरुस्तीला निघालीच होती, म्हणून पंपही भावजींकडे गेला. त्यांनी तो उघडून, साफ करून, पंप तपासायच्या बेंचवर चालवून पाहून परत दिला. यांनी बसवला. टाके निघायच्या आधीच मी गाडी बाहेर काढली, तर गाडीत दमच नाही! चढावर दुसऱ्या गिअरमध्ये रडत रडत जायची. मी यांना म्हटलं, “अहो, पेडल खाली बसल्यासारखं वाटतंय.” तर म्हणाले, “तुझ्या नव्या चपलेचा तळ जाड आहे.” मी चपला बदलल्या. मग अनवाणी चालवून पाहिली. तरी तेच. मग माझी खात्री पटली की पंपच बिघडवून दिलाय.

यांना बरोबर घेऊन मी भावजींच्या दुकानात गेले. चार गिऱ्हाइकं उभी होती. मी आवाज लावला, “भावजी, माझ्या पंपाचं मातेरं केलंत! उस्तादाचं नाव बुडवलंत!”

ते शांतपणे म्हणाले, “वहिनी, बेंचवर बरोबर आहे. चला, दाखवतो.”

“मी बेंच चालवत नाही, गाडी चालवते!”

ते बाहेर आले. बॉनेट उघडून आत वाकले. मग सरळ होऊन यांच्याकडे पाहिलं. हे आपल्या पायांकडे बघत होते. भावजींनी बॉनेट लावलं आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, “असेल. माझीच चूक असेल.”

झालं! मला तेवढंच हवं होतं. त्यानंतर काच घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगितलं की त्यांनी स्वतः कबूल केलंय. त्यांच्याकडे जाणाऱ्या गाड्या माझ्या तोंडामुळे दुसरीकडे वळल्या. डायल त्या वर्षी आमच्याकडे होती. ती न्यायला ते आले नाहीत, आणि हे द्यायला गेले नाहीत. मी यांना म्हणायचे, “कशाला जाता, त्यांचीच चूक आहे.” हे ‘हं’ म्हणायचे आणि गॅरेजमध्ये जाऊन बसायचे. हे गेले त्या दिवशी भावजी रस्त्याच्या पलीकडे उन्हात उभे होते. मी पाहिलं आणि मान वळवली.

त्यानंतर वर्षभराने पिकअपची सगळी कामं मीच करायला लागले होते. एकदा वंगण द्यायला बॉनेट उघडलं आणि पेडल फळीने दाबून ठेवून सहज लिव्हरला कागदाची पट्टी लावून पाहिली. पट्टी अडकेचना. लिव्हर स्टॉपपासून चांगला बोटभर लांब! रॉड फिरवत गेले, एक आटा, दोन, तीन. चौथ्याला पट्टी अडकली. मी यांची वही काढली आणि बरोबर त्या आठवड्याचं पान उघडलं. यांच्या अक्षरात लिहिलं होतं:

गाडी : पिकअप. काम : रॉड चार आटे आखूड केला. कारण : कपाळ.

मी गॅरेजच्या फरशीवर बसून यांना आधी अस्सल शिव्या दिल्या. चौदा वर्षं! चौदा वर्षं मला या माणसाने पाऊण पेडलवर चालवलं, आणि वर चपलेला दोष दिला! मग हसू आलं. मग रडू आलं, आणि ते बराच वेळ थांबलं नाही. माझ्या कपाळासाठी या माणसाने आपला एकुलता एक मित्र घालवला आणि मला कळूही दिलं नाही. मी याबद्दल त्यांच्यावर चिडावं की काय करावं, हे आठ वर्षांत ठरलेलं नाही. आता वर गेल्यावर समोरासमोरच ठरवू.

त्या दिवशी मी चेकनट आवळले आणि गाडी चढावर नेली. तिसऱ्या गिअरमध्ये चढली. इतका आनंद झाला की काय सांगू.

पण भावजींच्या दुकानापाशी मी थांबले नाही. यात कोणाचा दोष नाही, माझा आहे. आधी म्हटलं, त्यांनी तरी खोटी कबुली का दिली? म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा. मग म्हटलं, पुढच्या आठवड्यात जाऊ. मग इतका उशीर झाला की उशिराचीच लाज वाटायला लागली. आठ वर्षं मी त्या चढावरून जाते आणि त्यांच्या दुकानापाशी आले की उजवीकडच्या आरशात बघते, कारण दुकान डावीकडे आहे.

म्हणून लिहून ठेवते की वरील डायल पंपवाले भावजींस द्यावी. आणि हे कलम माझ्या सुनेने त्यांच्या दुकानात जाऊन, किमान चार गिऱ्हाइकं उभी असताना, मशीनच्या वर लावते त्या आवाजात वाचून दाखवावे. आरोप चारचौघांत केला होता, माफीही चारचौघांतच मागितली पाहिजे.

कलम ८. यांची वही सुनेकडे राहावी आणि तिने पुढची पानं भरावीत. माझ्या शेवटच्या प्रवासाला दुसरी गाडी बोलावू नये. पिकअप आहे. सुनेने चालवावी. हळू नेऊ नये.

इथवर लिहून मी कागद अर्जकाकांपुढे सरकवला. त्यांनी दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “बाकी ठीक आहे. कलम सात चालणार नाही.”

“का? कायद्यात बसत नाही?”

“कायद्यात बसतं. हिशेबात बसत नाही. तुम्ही त्र्याहत्तरच्या, ते एकोणऐंशीचे. आधी तेच गेले तर सूनबाई हे कोणाला वाचून दाखवणार? त्या बेंचला?”

मी पेन टेबलावर आपटलं. टेबलाच्या काचेला तडा गेला. ती काच दुसऱ्या दिवशी बदलली, आणि मृत्युपत्र आठ दिवस ड्रॉवरमध्ये पडून राहिलं. त्या आठ दिवसांत मला घास गोड लागला नाही. सून विचारायची, “आई, बरं वाटत नाही का?” मी म्हणायचे, “मला काय धाड भरलीय!” नवव्या दिवशी सकाळी मी हा कागद आणि डायल सीटवर ठेवली आणि पिकअप बाहेर काढली.

कलम ९. (पुरवणी. वरील मजकुरानंतर नऊ दिवसांनी.)

असे लिहून ठेवते की चढाच्या पायथ्याशी माझा पाय दोनदा पेडलवरून उचलला गेला. गाडी बंद पडली असती तर मी देवाचे आभार मानून परत फिरले असते. पण रॉड बरोबर लावलेला होता, गाडी तिसऱ्यात सुसाट वर गेली आणि मला काही निमित्तच मिळालं नाही.

भावजी दुकानाच्या दारात स्टुलावर बसून एक पंप पुसत होते. केस सगळे गेले आहेत. मी इंजिन बंद केलं. त्यांनी मान वर न करता म्हटलं, “लिव्हर पूर्ण उघडतोय.”

मी म्हटलं, “हो. मला काहीतरी वाचायचंय.”

“वाचा की.”

“गिऱ्हाइकं किती आहेत?”

“दोन.”

“चार पाहिजेत.”

तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि काय समजायचं ते समजले असावेत. समोरच्या दुकानातून दोघांना हाक मारून आणलं. मी रस्त्यावर उभी राहून कलम सात पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचलं. ‘मातेरं’ पाशी माझा आवाज बसला. भावजी म्हणाले, “वहिनी, जरा मोठ्याने. आरोप इथवर ऐकू आला होता.” गिऱ्हाइकं हसली. मीही हसले, आणि मग पुढचं वाचता आलं.

वाचून झाल्यावर मी कागद खाली केला आणि कागदात नव्हतं तेही म्हटलं, “भावजी, माझं चुकलं. मला माफ करा.”

त्यांनी हातातला पंप पुसून खाली ठेवला. मग म्हणाले, “मला त्याच दिवशी कळलं होतं. बॉनेट उघडल्या उघडल्या. रॉडवर त्याचा पाना ताजा उमटला होता.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुमच्या कपाळाला टाके ओले होते. आणि त्याचं तोंड मला बघवत नव्हतं. म्हटलं, आपलं नाव काय, आज गेलं, उद्या येईल.” आणि वर म्हणाले, “पण चार आटे जास्तच केले त्याने. मी असतो तर दोनच केले असते.”

मी म्हटलं, “तुम्ही दोघं एकाच माळेचे मणी!”

“वहिनी, मी या दारात बसून तुमची गाडी रोज ऐकायचो. चौदा वर्षं चढावर मान टाकत जायची. मग एक दिवस तिसऱ्यात वर आली. मी ऐकलं आणि म्हटलं, वहिनींना सापडलं. आज येणार. आत जाऊन दोन कप चहा टाकला.”

मी विचारलं, “मग?”

“मग काय. दोन्ही कप मीच प्यायलो.”

माझे डोळे भरून आले. मी ते पुसले नाहीत, आणि चार गिऱ्हाइकांनी ते पाहिलं. त्याची मला मुळीच लाज वाटली नाही.

मग ते स्वतः आत गेले आणि चहा घेऊन आले. पिता पिता मी विचारलं, “माझ्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही कराल का?” लगेच आठवलं आणि जीभ चावली, कारण अर्जकाकांनी आधीच बजावलं होतं की ज्याला मृत्युपत्रात काही मिळणार आहे त्याने साक्षीदार व्हायचं नसतं. म्हणजे एकतर डायल, नाहीतर सही. भावजींना मी तसं सांगितलं.

ते म्हणाले, “डायल मेल्यावर कशाला देताय? ती काय तुमच्या नावावर आहे? वर्ष केव्हाच संपलं. आत्ताच द्या. पुढच्या वर्षी सूनबाईंकडे आणून देईन. नियम तोच.”

मी सीटवरून डायल काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी काचेच्या झाकणावरून अंगठा फिरवला आणि काटा हलतो का ते पाहिलं. हलत होता. मग सही करायला ते माझ्याबरोबर पिकअपमधूनच दुकानात आले.

सबब कलम ७ रद्द करण्यात येत आहे. त्यावर मी आडवी रेघ मारली आहे, पण खालचं वाचता येईल अशी बारीक. ज्याला जे द्यायचं होतं ते दिलं, ज्याच्यापुढे जे बोलायचं होतं ते बोलले. माझ्या मागे ठेवण्यासारखं त्यातलं काही उरलं नाही. कलम ८ मध्ये बदल नाही, फक्त एवढंच की त्या दिवशी गाडी चढावरून न्यावी आणि भावजी दारात असतील तर त्यांना पुढच्या सीटवर घ्यावं. ते त्याआधीच गेलेले असले तर तिथे एकदा हॉर्न वाजवावा.

वरील सर्व मी वाचून पाहिले, खाडाखोड माझीच आहे. समाधानाने आणि स्वखुशीने सही करते.

ठिकाण : काचेचे दुकान, कापायचे टेबल (नवी काच)
दिनांक : ९ नोव्हेंबर, दुपारी साडेतीन

लिहून ठेवणार : (सही) काच कापणारी

साक्षीदार पहिले : सदर बाईंनी माझ्यासमक्ष, पूर्ण शुद्धीत व स्वसंतोषाने सही केली. मजकुरात दोन ठिकाणी ‘बरं का’ असे आहे, ते माझ्या सल्ल्याविरुद्ध.
(सही) शेजारी, निवृत्त कारकून

साक्षीदार दुसरे :
तारीख : वरचीच.
गाडी : पिकअप, पांढरी होती.
काम : साक्ष. जाता जाता रॉड तपासला, पट्टी अडकते, फाटत नाही.
कारण : वहिनी आल्या.
(सही) पंपवाला